तीन दारांपुढची एकच गोणी

शैलजा उपासनी सुरतेतल्या भेस्तानच्या मराठी शाळेत सातवीला शिकवायच्या. शाळा रेल्वे फाटकाच्या पलीकडे होती आणि तिथली जवळजवळ सगळी मुलं खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, सिनेमा हिंदी आणि पुस्तक मराठी, अशा चार भाषांत ती मुलं वाढत होती. बाई मूळच्या धुळ्याच्या, नवरा मुकुंद सुरतेत बँकेत. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या आणि नाक फार तीक्ष्ण असलेल्या. उघड्या गटारावरून जाताना त्या पदर नाकाला लावत नसत, पण चेहरा मात्र असा करत की मुलं त्याची नक्कल करायची.

शाळेत एक रंगीत टीव्ही होता. शैक्षणिक कार्यक्रम पाहण्यासाठी सरकारकडून आलेला. मुख्याध्यापकांनी तो लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला होता, आणि दसऱ्याला तेवढा बाहेर काढून त्याला हार घालायचे. बाईंना याची चीड होती. लहानपणी त्यांचे वडील खेडा जिल्ह्यात गुरांचे डॉक्टर होते. तिथल्या गावात पंचायतीच्या ओट्यावर सरकारी टीव्ही ठेवलेला असायचा आणि संध्याकाळी अख्खं गाव त्यापुढे बसायचं. पडद्यावर मुंबईचे नट नसायचे, शेजारच्या गावचे मजूर असायचे. मजुरी कशी बुडवली जाते ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळायचं, आणि दुसऱ्या दिवशी ज्याने मजुरी बुडवली तो जमीनदार घराबाहेर पडायला लाजायचा. हे बाईंनी पाहिलं होतं. टीव्ही असाही असतो, हे त्यांच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलं होतं.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला. लोक गाड्यांच्या टपांवर बसून पळाले. उपासनी कुटुंब राहिलं, कारण बँक उघडी ठेवायची होती. त्या दिवसांत त्यांच्या सोसायटीच्या केबलवर पडद्याखालून अक्षरं सरकत असायची. पाण्यात विष आहे. अमक्या इस्पितळात प्रेतं मोजायला माणूस नाही. मग मध्येच साडीच्या दुकानाची जाहिरात आणि पुन्हा प्रेतं. एकदा तर चादरीखाली झाकलेल्या माणसांची चित्रं दाखवली, आणि मुकुंदरावांच्या लक्षात आलं की मागच्या भिंतीवरची पाटी कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेत होती. माणसं मरतात आणि हे लोक त्याच्या आजूबाजूला साड्या विकतात, हे बाईंच्या घशाखाली उतरेना.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली घेतली. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी टीव्हीचा केला. कार्यक्रम लावायचा, मग बंद करायचा आणि विचारायचं. हे कोण सांगतंय? त्याने स्वतः पाहिलं का? कॅमेरा कुठे उभा होता? कोणाला बोलू दिलं नाही? पहिल्या काही शनिवारी मुलं नुसती हसली. मग त्यांना गंमत वाटू लागली. जाहिरातीतल्या साबणाने शर्ट पांढरा होतो तेव्हा मधे कट असतो, हे एका मुलाने पकडलं. चंचल नावाची एक काळीसावळी मुलगी होती, तिचे कान फार तिखट. बातमीत एखाद्या खेड्यातल्या माणसाचं बोलणं दाबून वरून हिंदी आवाज सुरू झाला की ती म्हणायची, "बाई, त्याला बोलू द्या ना आधी."

एक गोष्ट बाई मुलांना नेहमी सांगायच्या. केबलवाल्याला काहीतरी विकायचं असतं, म्हणून तो भीती दाखवतो. सरकारी टीव्हीला विकायचं काही नाही, म्हणून तो हळू बोलतो, कंटाळवाणा बोलतो, पण खोटं सांगायचं त्याला कारण नाही.

पुढच्या वर्षी शहरात सफाईची मोहीम सुरू झाली. भेस्तानमध्ये ती पोचायला वेळ लागला, पण चंचलची आई पुष्पाबाई वाट पाहत बसली नाही. भवानीनगरच्या त्यांच्या गल्लीत तिने बायकांना गोळा केलं. नवरा दगा लूमवर बारा तासांची पाळी करायचा, ती स्वतः शहरातल्या एका फ्लॅटात धुणंभांडी करायची, आणि तरी रविवारी सकाळी फावडं घेऊन गटार काढायला तीच पुढे. महिन्या-दोन महिन्यांत गल्ली अशी झाली की बाईसुद्धा तिथून चालताना चेहरा वाकडा करत नसत.

त्याच हिवाळ्यात झवेरी नावाचे एक निर्माते शाळेत आले. त्यांची खासगी संस्था होती, सरकारी टीव्हीला शैक्षणिक कार्यक्रम करून द्यायची. प्लेगनंतरच्या सफाईवर वीस मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता आणि कामगार वस्तीतली चांगली गल्ली हवी होती. खादीचा झब्बा, मऊ आवाज. "शैलजाबेन, लोकांनी लोकांसाठी केलेलं काम आम्हाला दाखवायचंय," ते म्हणाले. बाईंना खेड्यातला तो ओटा आठवला. त्या स्वतः झवेरींना पुष्पाबाईकडे घेऊन गेल्या.

पुष्पाबाई कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हती. "माले हिंदी येत नही, बाई."

"तुमच्या भाषेत बोला. तेच पाहिजे त्यांना."

मग ती बोलली. डोक्यावर पदर घेऊन, सरळ कॅमेऱ्यात बघून. "गाडी येस नही. आम्ही बायाच गटार काढतस. सायबले चारदाव सांगं, कोनी उनं नही." कचऱ्याची गाडी येत नाही, साहेबाला चार वेळा सांगितलं, कोणी आलं नाही. झवेरींनी मान डोलावली. बाईंना अभिमान वाटला. तास होता म्हणून त्या शाळेत परतल्या.

मधल्या सुट्टीत त्या पुन्हा गल्लीत गेल्या, तर वास आधी आला. भाजी बाजारातून हातगाडीभर कचरा आणून गल्लीत ओतला होता. कुजलेले टमाटे, माशांची डोकी, ओल्या चिंध्या, आणि एक फाटलेली निळी गोणी, तिच्यातून काहीतरी काळं गळत होतं. पुष्पाबाईच्या उंबऱ्याशी माश्यांचा थवा. झवेरींची माणसं तारा गुंडाळून गाडीत टाकत होती.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"बेन, गल्ली बहु चोख्खी छे," झवेरी शांतपणे म्हणाले. "सफाई दाखवायची तर आधीचा कचरा दाखवायला नको? आधी हे, नंतर तुमची स्वच्छ गल्ली. दोन्ही चित्रं घेतलीत. लोकांना फरक कळतो."

"मग हा उचलणार कोण?"

"आता चार बायका आहेत ना. पाच मिनिटांचं काम."

ते गेले. बायकांनी कचरा उचलला, बाईंनीही हात लावला. माशाचं एक डोकं त्यांच्या चपलेखाली आलं आणि फुटलं. घरी जाऊन त्यांनी पाय घासून घासून धुतले. मुकुंदरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शैला, सिनेमावाले असंच करतात. तू कशाला मनाला लावून घेतेस?" बाई म्हणाल्या, "हे सिनेमावाले नाहीत." आणि आधी-नंतर हा झवेरींचा खुलासा त्यांनी खरा मानला, कारण तो मानला नसता तर त्यांना झोप लागली नसती.

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी भवानीनगरात कोणीतरी टीव्ही ओट्यावर आणला होता. बायका नव्या साड्या नेसून बसलेल्या. बाईही होत्या. गल्ली दिसली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग कचरा दिसला. एका दारापुढे, मग दुसऱ्या, मग पुष्पाबाईच्या. माशांची डोकी अगदी जवळून. त्यामागून पुष्पाबाईचा चेहरा आला, ओठ हलले आणि वरून कुठल्यातरी बाईचा हिंदी आवाज सुरू झाला. आम्हाला माहीतच नव्हतं की घाणीतून रोग पसरतो, आम्ही दारातच कचरा टाकायचो, साहेबांनी येऊन आम्हाला शिकवलं. नंतर मोहिमेचे अधिकारी, नवी गाडी, नवे झाडू, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच वस्तीतला स्वच्छ रस्ता. 'नंतर'चं भवानीनगर कुठेच नव्हतं.

ओट्यावर आधी थोडं हसू आलं, मग ते विरलं. चंचल म्हणाली, "हाऊ आवाज मनी मायना नही." हा माझ्या आईचा आवाज नाही. पुष्पाबाई उठून घरात गेली आणि तिने दार लावलं.

चार-पाच दिवसांनी तिचं फ्लॅटातलं काम गेलं. शेठाणीने कार्यक्रम पाहिला होता. प्लेगची धास्ती अजून शहरातून गेली नव्हती. पुष्पाबाई शाळेत आली, वर्गाच्या दारात उभी राहिली आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाली, "तुमी सांगं म्हनीसन मी बोलनू. आते ती बाई म्हनस, तुना हातना भांडा नको." तुम्ही सांगितलं म्हणून मी बोलले, आणि आता तुझ्या हातची भांडी नकोत.

बाई दुसऱ्याच दिवशी तिच्यासोबत त्या फ्लॅटवर गेल्या. शेठाणी वाईट नव्हती. तिने दोघींना पाणी दिलं, पण पुष्पाबाईचं वेगळ्या पेल्यातून. बाईंनी सगळं सांगितलं, कचरा कुठून आला ते, आवाज कोणाचा ते. शेठाणीने शांतपणे ऐकून घेतलं.

"बेन, तुम्ही शिकवणाऱ्या आहात, म्हणून ऐकलं," ती म्हणाली. "पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. केबलवर असतं तर मीही म्हटलं असतं की खोटं असेल. सरकारी टीव्ही खोटं कशाला दाखवेल? त्यांना काय विकायचंय?"

हीच वाक्यं बाईंनी दर शनिवारी फळ्यापुढे उभं राहून म्हटली होती. जिना उतरल्यावर पुष्पाबाई फाटकाशी वेगळ्या रस्त्याने गेली.

झवेरींना बाईंनी फोन केला. ते म्हणाले की ते प्रतीकात्मक चित्रण होतं, एका गल्लीबद्दल नव्हतं, आणि अहिराणी प्रेक्षकांना कळत नाही म्हणून आशय हिंदीत दिला. "आशय बदललात तुम्ही," बाई म्हणाल्या. "संदेश चांगलाच गेला ना, बेन?" ते म्हणाले. तो मऊ आवाज ऐकून बाईंना कचऱ्याच्या वासापेक्षा जास्त शिसारी आली.

शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर मुकुंदरावांनी कार्यक्रम उतरवून ठेवला होता. पुढच्या शनिवारी बाईंनी व्हीसीआर उचलून शाळेत नेला आणि वर्गाला सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं. सरकारी टीव्हीलाही तेच प्रश्न विचारायचे. आज विचारू."

कॅसेट थांबवत, मागे नेत, पुढे नेत सगळा तास गेला. मुलांना गल्लीचं प्रत्येक दार माहीत होतं, त्यामुळे त्यांना फसवणं कठीण होतं. गोणी चंचलने ओळखली. पहिल्या दारापुढे ती उजवीकडे, दुसऱ्यापुढे पायरीवर, तिसऱ्यापुढे मोरीजवळ. तोच फाटका कोपरा, तीच खाली लोंबणारी सुतळी. एकच गोणी तीन दारांपुढे फिरवली होती. मग एकाने दाखवलं की पुष्पाबाई बोलते तेव्हा तिच्या मागची जमीन झाडलेली आहे, कचऱ्याचं नाव नाही. आणि आवाज तर बंदच करून बघितला. ओठांवरून अहिराणी वाचता येत होती. पोरं एका सुरात म्हणू लागली, "गाडी येस नही." चंचल मात्र रडली. बाईंनी तिला बाहेर पाणी प्यायला पाठवलं.

वर्गात असा तास त्यांनी आधी कधी घेतला नव्हता, आणि तरी त्यांना आनंद वाटेना. एका बाईचं काम गेलं आणि मुलांना पाठ मिळाला, हा सौदा त्यांना घाणेरडा वाटत राहिला.

पावसाळ्याआधी कळलं की कार्यक्रमाला कुठल्याशा शैक्षणिक स्पर्धेत बक्षीस मिळालं. सुरतेत सभागृह घेऊन समारंभ ठरला. सहकार्य केलेल्या शिक्षिका म्हणून शैलजाबाईंना शाल-श्रीफळ द्यायचं होतं. मुख्याध्यापक खुश होते. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग रात्रभर विचार करून सकाळी हो म्हटलं.

समारंभात मोठ्या पडद्यावर कार्यक्रम दाखवला. अधिकारी, शिक्षक, संस्थांची माणसं बसलेली. शाल घेताना बाईंनी माइक मागितला. दोन शब्द बोलतील म्हणून झवेरींनी हसून दिला.

"आमच्या शाळेत कार्यक्रम दाखवल्यावर प्रश्न विचारायची पद्धत आहे," बाई म्हणाल्या. "कॅसेट जरा मागे घ्याल का? पहिल्या दाराशी थांबवा."

यंत्रावर बसलेल्या माणसाला काही माहीत नव्हतं, त्याने थांबवली. बाईंनी निळी गोणी दाखवली. मग दुसऱ्या दाराशी. मग तिसऱ्या. सभागृहात कोणीतरी हसलं, आणि ते हसू पसरलं. बाई हसत नव्हत्या. "आता आवाज बंद करा," त्या म्हणाल्या. "ही बाई काय म्हणते ते मी तुम्हाला सांगते. ही म्हणते..."

माइक बंद झाला. कोणी केला ते कळलं नाही. बाईंनी वाक्य मोठ्याने पुरं केलं, गाडी येत नाही, साहेबाला चार वेळा सांगितलं, पण मागच्या रांगांपर्यंत ते पोचलं नाही. झवेरींनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची सरकलेली शाल नीट केली आणि माइक सुरू झाल्यावर म्हणाले, "आपल्या शिक्षिका इतक्या जागरूक आहेत, हेच या कार्यक्रमाचं यश आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पायऱ्या उतरल्या, शाल खुर्चीवर ठेवली आणि रिक्षा करून घरी आल्या. मुकुंदरावांनी चहा करून पुढे ठेवला.

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. सोयीची बदली असं कारण दिलं होतं. शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, अमरोलीच्या पुढे कोसाडला. भेस्तानचा टीव्ही परत कपाटात गेला.

पुष्पाबाई त्यांना एकदा उधन्याच्या भाजी बाजारात दिसली. आता ती घरीच साड्यांना टिकल्या लावायचं काम करत होती, बोटांना गोंद लागलेला. समारंभातली गोष्ट तिच्या कानावर गेली होती.

"तुमी खरं बोलन्या, ते चांगलं करं," ती म्हणाली. "पन ती कॅसेट परत दावतस. पावसाळा उना का दावतस. माले लोक अजून वळखतस." दर पावसाळ्यात तो कार्यक्रम पुन्हा लागतो, आणि लोक अजून तिला ओळखतात.

"मी काय करू, पुष्पाबाई?"

"काही नका करू," पुष्पाबाई म्हणाली, आणि भाव करायला पुढच्या टोपलीकडे वळली. यात राग नव्हता. तिला बाईंकडून आता काही नको होतं, एवढंच.

कोसाडच्या शाळेत टीव्ही नव्हता. बाई मुलांना घरी पाहिलेल्या गोष्टी वर्गात सांगायला लावायच्या आणि तेच प्रश्न विचारायच्या, सरकारी असो की केबल. मुलांच्या आयाही कधी कधी दाराशी येऊन ऐकायच्या. मुकुंदराव म्हणायचे की तू आता कुठलाच कार्यक्रम सुखाने बघू देत नाहीस. ते खरं होतं. बाईंना टीव्हीचा आवाजही नकोसा झाला होता, पण बघणं त्यांनी सोडलं नाही.

अठ्ठ्याण्णवला तापीला पूर आला. कोसाडच्या सखल गल्ल्यांत पाणी भरलं, लोक शाळेच्या वरच्या मजल्यावर आले. बाई तिथेच होत्या. तिसऱ्या प्रहरी एक होडी आली. एका संस्थेचे लोक जेवणाची पाकिटं घेऊन, आणि सोबत एक कॅमेरेवाला. पाकिटं आधीच वाटून झाली होती. कॅमेरेवाल्याने खालून हाक मारली, "बेन लोक, एकदा सगळ्यांनी हात वर करा. पाकीट मागताय असे. पुन्हा एकदा देतील."

गॅलरीत बायका उभ्या होत्या. कोणी हात वर केला नाही. इंदुबाई नावाची एक आई, जिचा मुलगा सहावीत होता, खाली वाकून म्हणाली, "भाऊ, हे कुठे दाखवणार? आणि आवाज आमचाच ठेवणार ना?"

कॅमेरेवाला वैतागला. "काय शाळा आहे ही," तो म्हणाला. बाई मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. क्षणभर त्यांना खूप बरं वाटलं.

होडी वळली आणि पलीकडच्या गल्लीत गेली. तिथे एका घराच्या गच्चीवर माणसं होती. कॅमेरेवाल्याने पुन्हा तेच सांगितलं, आणि तिथे सगळ्यांनी हात वर केले, म्हाताऱ्यांनी, लेकरांनी. एकदा नीट आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा केले. इंदुबाईने तोंड फिरवलं. बाई मात्र शेवटपर्यंत बघत राहिल्या, चेहरा आक्रसून. मग त्या आत गेल्या आणि ओल्या जमिनीवर मुलांसाठी सतरंजी अंथरायला लागल्या.